कागदात नसलेल्या कात्र्या

आण्णा, तुमच्यामुळं मला दंड झाला. सरकारी दंड, पावतीसकट. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, डोक्यावर चढवलेला चष्मा घरभर शोधायच्या वयाची मी झाले, आणि तुमची एक खोड अजून माझ्या अंगात आहे, ती थेट बंदरापर्यंत जाऊन पोचली. रागानंच लिहायला बसले होते. पण नुसता राग आहे असंही म्हणता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

दुकान अजून तिथंच आहे, तासगावच्या पेठेत. खुरपी, विळे, फवारणीचे पंप सगळं ठेवते, पण पोट भरतं ते द्राक्षाच्या छाटणीच्या कात्र्यांवर, तुमच्या वेळेसारखंच. तुम्ही त्या मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आणायचा, मी आता तैवानहून परस्पर मागवते. तुम्हाला सांगलीचा जकात नाका ठाऊक. नाकेदार गठ्ठ्यात सळई खुपसून बघायचा, पावती फाडायचा, तुमच्याबरोबर चहा प्यायचा आणि माल पुढं जायचा. माझा नाका बंदरावर आहे आणि तो मी अजून डोळ्यांनी बघितलेला नाही. मालाची किंमत, तिच्यात जहाजाचं भाडं आणि विमा, त्या बेरजेवर ड्युटी, ड्युटीवर आणखी एक अधिभार, आणि या सगळ्या ढिगावर परत जीएसटी. "ह्यो कर हाय का लग्नातला मानपान?" असं तुम्ही नक्की विचारलं असतं. पण मानपानाला निदान माणसं समोर असतात. मी सगळं फोनवरून करते, बंदरावरच्या एका एजंटामार्फत. तो मूळचा कराडचा आहे, त्यामुळं निदान बोलणं तरी आपलं वाटतं.

या हंगामाला पणाला दुकानच लागलं होतं. धाकट्यानं गेल्या दिवाळीतच पुण्याहून बजावलं होतं, "अक्का, येत्या छाटणीला दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर विकून टाकू. तू इकडं ये, खोली रिकामीच आहे." दुकान दोघांच्या नावावर आहे, त्याचंही चुकत नव्हतं. मी पैजेवर हो म्हणाले आणि मोठी पेटी मागवली. ऑक्टोबरात छाटणी लागते, मजुरांच्या टोळ्या येतात, आणि प्रत्येक बागाईतदाराला त्याच आठवड्यात नवी कात्री हवी असते. नंतर ती सोन्याची दिली तरी कुणी विचारत नाही.

आता तुमच्या खोडीचं सांगते. आई नुकती गेलेली होती, धाकटा मामाकडं होता, मला एकटी ठेवायचं कुठं म्हणून तुम्ही मुंबईला जाताना मलाही न्यायला लागला होता. व्यापाऱ्याच्या पेढीवर मी भिंतीला टेकून बसले आहे. दर ठरलाय, गठ्ठा बांधून झालाय, तुम्ही चपला घालून दारापर्यंत जाता आणि वळता. "शेठ, वर काय?" शेठजी हसतात, नाही नाही म्हणतात, चहा मागवतात, तुम्ही परत बसता. त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी होते, आपल्याकडच्या पाण्यापावसाची होते, आणि शेवटी ते दोन कात्र्या गठ्ठ्यावर टाकतात. मला तोवर नुसती लाज लाज वाटते. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आण्णा, आवं, भीक मागितल्यागत वाटतंय. परत नका मागू."

तुम्ही मला कधी हात लावला नाही, पण त्या दिवशी रस्त्यात थांबून असं बघितलंत की मी रडकुंडीला आले. "भीक न्हवं ती. फुकट कोण कुणाला देत न्हाई. ज्याला आपली परत गाठ पडावी वाटती, त्योच वर देतो. आन ज्याला यायचं आसतंय, त्यो मागतो. कळलं?" मला काही कळलं नव्हतं. पुढं तुम्ही मला बटाटेवडा घेऊन दिलात, तेवढं कळलं. वर मिळालेल्या त्या कात्र्या तुम्ही कधी विकल्याही नाहीत. दुकानात येऊन तास तास गप्पा मारणाऱ्या कुणाच्या तरी हातात ठेवायचा.

मीही कुठल्याच खरेदीत वर मागितल्याशिवाय राहत नाही. तैवानच्या कंपनीत एक बाई आहे, तिच्याशी माझं फोनवर लिहून बोलणं चालतं. मी मराठीत लिहिते, फोन तिच्या भाषेत करतो, तिचं मला मराठीत येतं, थोडं तोंडावर आपटून येतं पण कळतं. मी तिला बागेतल्या घडांचे फोटो पाठवते, ती तिच्या म्हाताऱ्या आईचे पाठवते. दर ठरला तेव्हा मी लिहिलं, वर काय देणार? तिला समजेना. आमच्याकडची रीत आहे, मैत्रीत थोडं जास्त घालतात, असं समजावता समजावता दुपार गेली. मग तिला इतकी गंमत वाटली की तिनं पेटीच्या तळाला डझनभर कात्र्या गुंडाळून घातल्या, वर मला फोटोही पाठवला. बिलात त्या लिहिल्या नाहीत. भेट कोण बिलात लिहितं? आपणही नसत्या लिहिल्या.

कस्टमनं पेटी उघडली आणि मोजली. एजंटाचा फोन आला, "ताई, कात्र्या जादा निघाल्यात. कागदात न्हाईत."

"त्या वरच्या आहेत," मी म्हणाले.

"वरच्या म्हंजे?"

"अहो, वर दिलेल्या. कराडला वर देत नाहीत का?"

"ताई, मला कळतंय वो. पर सायबाला कसं सांगू? त्यो म्हनतोय, फुकट आसली तरी वस्तूला किंमत हाय, किंमत हाय तर ड्युटी हाय. आन बिलात न्हाई म्हंजे लपवलीय."

साहेब चुकला नाही, आण्णा. कायदा तसाच आहे. जादा माल कशासाठी मागवला याचा खुलासा मागितला, तो लिहिला. तैवानहून नवं बिल आलं, नवी आकारणी झाली, दंड झाला, आणि तोवर पेटीचं बंदरावरचं भाडं चढत राहिलं. इकडं छाटणी लागली. नेहमीचे बागाईतदार येत होते, रिकाम्या फळीकडं बघत होते. "न्हाई आलं व्हय अजून?" म्हणत होते आणि सांगलीची वाट धरत होते. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर दोन शब्द तरी जास्त बोलले असते.

पेटी आली तेव्हा बागांमधून टोळ्या निघून गेल्या होत्या. धाकट्याला मी स्वतःच फोन केला. तो काही टाकून बोलला नाही, नुसतं म्हणाला, "अक्का, आता बास." मीही बास म्हणाले. दिवाळी झाली की दुकान जाणार. गिऱ्हाईक बेकरीवाला आहे, माणूस बरा वाटला. त्या बाईलाही मी कळवलं की यापुढं मागणी नसेल. तिनं सुंदर उत्तर पाठवलं, माफी मागितली, आणि मग दोघींनाही लिहायला काही राहिलं नाही. तिच्या आईचं कसं आहे, हे विचारायला आता निमित्त नाही.

आई गेल्यानंतर तुम्ही दारातून परत फिरून शेठजींच्या समोर का बसायचा, हे मला आता कुठं उमगल्यासारखं वाटतंय. खरंखोटं तुम्हीच जाणे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुमच्याजवळ एवढं कबूल करते. त्या खुलाशात मी लिहिलं की आमच्याकडची पद्धत आहे म्हणून जादा कात्र्या मागितल्या. मला कात्र्या नकोच होत्या, आण्णा. दर ठरला होता, ती बाई निरोप घेत होती, आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्याशी दुसरं कुणीच बोललेलं नव्हतं.