सहभागी क्रमांक एक

१२ जून, कापडे

पीएच.डी.च्या जागेसाठी पोर्टफोलिओ हवा म्हणे! विषय साधा — भातलावणीला बायका पावसात पाठीवर घेतात ते इरलं. मी वाऱ्याला उलटणार नाही असं नवीन बनवलंय. मापं द्यायला, घालून वाकायला आणि शिव्या घालायला आई. पण जागा तीन विभागांची मिळून एक. म्हणजे सासवा तीन.

१५ जून

डिझाइनच्या सरांचा फोन. "वस्तू दिसू दे, माणूस नको." बरं. फोटोतून आई पुसली. आता इरलं एकटंच हवेत. भूत लावणीला निघालंय जणू!

१६ जून

शेती-अभियांत्रिकीचे सर — "चित्रं छान, पण आकडे?" पाठदुखी किती टक्क्यांनी कमी झाली ते हवंय. आईला विचारलं. "माझी पाठ काय शाळेत जाते गो, टक्के सांगाया?"

१९ जून

समाजशास्त्राच्या बाई मात्र माणसांच्या कैवारी! "त्यांचा आवाज येऊ दे." मी खूश. "फक्त नाव नको हं, गोपनीयता." तर रंगूबाई, माझी सख्खी आई, आजपासून 'सहभागी क्रमांक १, स्त्री, वय ५८'. एकाला पाठ हवी, एकीला आवाज, एकाला काहीच नको. आख्खी बाई कुणालाच परवडत नाही.

२० जून

लाईट नाही. विद्वत्ता स्थगित.

२३ जून

महाडला छापून आणलं. छापखान्यातल्या मंगेशने बांधणी केली थेट लग्नाच्या अल्बमची — मखमल, सोनेरी कडा! "ताई, एवढ्या जाड कागदावर दुसरं काय छापतात लोकं?"

आईने हात पुसून एकेक पान उलटलं. "मी कुठं हाय गो?"

"ही काय. सहभागी एक."

"माझं नाव नाय?"

मग भाकऱ्या थापत बसली. फार वाईट वाटलं मला.

२४ जून

पुन्हा महाड. पहिल्याच पानावर तिचं नाव, गाव, चिखलातला हसरा फोटो. परवानगी? तिने हुकूमच दिलाय! संध्याकाळी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं.

१ जुलै, पुणे

मुलाखत. तिन्ही शास्त्रांचं अखेर एकमत झालं — पहिलं पान काढा. मी म्हटलं, आईचीच इच्छा आहे. "नियम आहे." बाहेर बाकावर बाकीचे उमेदवार. बाईंनी कात्री पुढे केली, अगदी प्रेमाने.

मीच कापलं.

५ जुलै, कापडे

निवड झाली. आई वाडीभर पेढे वाटतेय — "पुण्याला पयल्या पानावर मी हाय!" मला स्वतःच्या हाताने भरवला. खाल्ला.