एकोणीसचं ॲव्हरेज, तिसरा गियर

करंजाडे, नवी मुंबई
शिमग्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप दिनानाथमामा यांस,

भैरूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे मजेत आहे आणि तुमची गाडीही मजेत आहे. तुमचा गुडघा, सत्यभामामामींचं बीपी आणि तांबडी गाय यांच्या तब्येती कशा आहेत ते कळवावं. (गाईचं आधी कळवलंत तरी मामी रागावायच्या नाहीत, त्याही आधी तिचंच विचारतात.) पत्र बघून घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तुम्ही "ॲव्हरेज किती?" एवढंच विचारता आणि मी श्वास घेईपर्यंत ठेवून देता, म्हणून हे कागदावर. अक्षराला हसू नका. नववी नापास माणसाचं आहे.

पहिली खुशखबर सांगून टाकतो. दिवाळीत तुमची सत्त्याण्णव सालची गाडी माझ्या ताब्यात देताना तुम्ही ओसरीवर चारचौघांसमोर बोलला होता, की भैरू, लिटरला अठरा काढून दाखव आणि घाट चार माणसांनिशी तिसऱ्या गियरमध्ये चढव, मग हायवेवरची शेड तुझी, टाक तुझं गॅरेज. नाहीतर पाडव्याला शेड सिमेंटवाल्याला. तर मामा, शेड झाडून ठेवा. गाडी एकोणीस देतेय आणि चढ तिसऱ्यात घेतेय. आमचे सानपाड्याचे गॅरेजमालक किसनशेठ, जे माझ्या कामाला आजवर "चालेल" याच्यापुढे काही बोलले नव्हते, ते परवा "बरं आहे" बोलले. सानपाड्यात हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला मी तिसराच माणूस.

आता हे झालं कसं ते सविस्तर सांगतो. पहिला महिना मी ताकदीच्या मागे लागलो. कार्बोरेटरला पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट टाकला, हवेची जाळी उघडी ठेवली आणि सायलेन्सर मोकळा केला. मामा, गाडी काय पळायची! सीवूड्सच्या सिग्नलला नव्या कोऱ्या गाड्या माझ्या मागे राहायच्या. (पुढच्या सिग्नलला त्या परत शेजारी यायच्या, पण ते सोडा.) आवाजामुळे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी मला बोलावून विचारलं, की तुमी गाडी ठेवता का पिठाची गिरणी, आणि गिरणी असेल तर ज्वारी दळून मिळेल का. त्या अपमानाने मी सायलेन्सर पुन्हा मूळचा बसवला. पण खरं दुखणं पुढेच होतं. लिटरला नऊ. तुम्ही तीस वर्षं एस.टी. चालवून डिझेल वाचवलंत, त्याबद्दल मिळालेलं घड्याळ अजून भिंतीवर चालू आहे. त्या घड्याळाखाली बसून नऊ हा आकडा ऐकला असतात, तर घड्याळ बंद पडलं असतं.

मग दुसरा महिना काटकसरीचा. बारीकात बारीक जेट टाकला, टायमिंग हलवलं, पेट्रोल अक्षरशः अत्तरासारखं लावलं. ॲव्हरेज एकवीसवर गेलं. मी सगळ्या गॅरेजला वडापाव दिला आणि त्याच दुपारी सानपाड्याच्या पुलावर गाडी घातली. मामा, त्या पुलाला घाट म्हणायचं तर घाटाला लाज वाटेल, पण अर्ध्यावर गाडीने हाय खाल्ली. दुसरा गियर, मग पहिला, मग नुसता आवाज. शेजारी आमचा धम्मपाल बसला होता (नांदेडकडचा, माझ्याच खोलीत राहतो, आयटीआय केलेला आहे आणि ते विसरू देत नाही). तो दार उघडून शांतपणे खाली उतरला आणि गाडीच्या बाजूने चालत चालत खिडकीतून माझ्याशी गप्पा मारत वरपर्यंत आला. वर पोचल्यावर बोलला, "भैरूशेठ, ॲव्हरेज मस्त आहे. माझं तर त्याच्यापेक्षा मस्त आहे, एका वडापावात पूल चढलो."

त्या दिवशी मला कळलं, की ताकद आणि ॲव्हरेज या दोन जावा आहेत. एकीला साडी आणली की दुसरी स्वयंपाकघरात भांडी आपटणार. तेव्हा मधला जेट टाकला आणि दोघींना बाजूला ठेवून तिसरंच काहीतरी करायचं ठरवलं, ते म्हणजे वजन कमी करायचं. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक, पायपुसणी, दरवाजाचे पत्रे झाकणारे पुठ्ठे, सगळं काढलं. (सीट सुखरूप आहे. धम्मपाल तिच्यावर झोपतो आणि परत द्यायला तयार नाही.) चार माणसांची तुमची अट होती, म्हणून बाजारातल्या हमालांना सांगून मागे कांद्याच्या तीन गोण्या ठेवल्या, पुढे मी आणि धम्मपाल. तीन गोण्या म्हणजे अडीच माणसं धरली. शिवाय गोण्या खिडकी उघड म्हणत नाहीत.

तरी थोडी कसर राहत होती. तेव्हा मला जी युक्ती सुचली, ती इंजिनिअरला सुचणार नाही. मोठी चाकं काढून दुसऱ्या गाडीची लहान चाकं बसवली! लहान चाक ओढायला हलकं, त्यामुळे गाडी तिसऱ्या गियरमध्ये पूल सरसर चढली. आणि चमत्कार बघा, ॲव्हरेजही वाढलं, तेही एकदम दोनने! किसनशेठ "बरं आहे" बोलले ते याच वेळी. फक्त धम्मपालचं तोंड वाकडं. त्याचं म्हणणं, करंजाडे ते सानपाडा रोज त्याच्या बाईकवर बावीस किलोमीटर होतात आणि तुमच्या गाडीच्या मीटरवर पंचवीस. मी सांगितलं, की इकडे सगळीकडे रस्त्यांची कामं चालू आहेत, रस्ता लांबला असेल. तो बोलला, की मग माझ्यासाठी का नाही लांबला. आयटीआयवाल्यांना शंका फार.

असो. गाडी तयार आहे, मी तयार आहे. इकडे चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या पान्याने काम केलं, आता आपल्या शेडमध्ये आपला पाना फिरवीन म्हणतो. सिमेंटवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. मामींना नमस्कार, गाईला पेंड.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
भैरू

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पण रात्रभर तुमचं एक बोलणं आठवत राहिलं. लहानपणी एस.टी.त तुमच्या मागच्या सीटवर बसवून तुम्ही मला सांगायचा, की मीटरवर विश्वास ठेवू नये, दगड मोजावेत. तर आज सकाळी हायवेवर जाऊन किलोमीटरचे दगड मोजले. दगड बावीस, मीटर पंचवीस. धम्मपालच्या बाईकशी दगडांनी काही संगनमत केलं असेल असं वाटत नाही. लहान चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. म्हणजे रस्ता लांबला नव्हता, मीच लांबवला होता. खरं ॲव्हरेज सोळा पॉइंट सात. हा आकडा लपवता आला असता, पण पहिल्याच फेरीत तुम्ही दगड मोजले असते, हे मला पत्र लिहितानाही माहीत होतं.

आणखी ता. क. आता खरं काम. पाडव्याच्या आधी तुम्ही इकडे या. एस.टी.ने या, पासवर. मी मोठी चाकं परत बसवतो, धम्मपालला उठवून सीटही बसवतो, आणि गाडी तुम्ही घाटातून गावापर्यंत चालवत न्या. मी, धम्मपाल आणि किसनशेठ बसतो, म्हणजे गोण्या नकोत. मी साडेचार महिने कार्बोरेटरमध्ये अठरा शोधले, तिथे नाहीत. ते तुमच्या उजव्या पायात आहेत. माझ्या पायाने सोळा देणारी गाडी तुमच्या पायाने अठरा देईल, यावर मी माझा पानासुद्धा लावतो. घाटात तिसरा गियर नाही पडला तर नाही पडला, निदान अठरा तरी दगडांवर खरे निघतील. आणि गाडी कोणी चालवायची अशी काही अट नव्हती, आठवून बघा. आणि जमलंच, तर जाता जाता तो पाय कसा ठेवता ते मला शिकवा. त्याआधी सिमेंटवाल्याला शब्द देऊ नका.

शेवटचा ता. क. डिकी उघडाल तर रागावू नका. गाडीतून मी सगळं वजन काढलं, पण एक वस्तू काढली नाही. ‘भैरू मोटर गॅरेज, सौजन्य : दिनानाथमामा’ अशी लोखंडी पाटी रंगवून घेतली आहे. अकरा किलो आहे. धम्मपाल पहिल्या दिवसापासून सांगतोय, की ही काढ, ॲव्हरेज वाढेल.