खांद्यावरच्या पट्ट्या

११ नोव्हेंबर १९९७

रंग बदलला! सात जाकिटे शिवून, इस्त्री करून, घड्या घालून ठेवलेली — आणि आज शाळेचे स्काऊटचे सर दुकानात येऊन म्हणतात, खाकी बंद. यंदापासून गडद निळे. बटणांऐवजी चेन. खिसे चार नाहीत, दोनच, तेही तिरके. खांद्यावर पट्ट्या नाहीत. वहीच्या पानावर पेन्सिलीने चित्र काढून आणले होते.

आमचे शिंपी कमळाकर मास्तर म्हणाले, "का हो सर, खाकीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"अहो, पोरं आदिवासी वाडीवर सफाईला गेली की माणसं रानात पळतात. पोलीस आले म्हणून!"

मास्तर खूप हसले. सरांना चहा पाजला. सर बसस्टँडकडे वळले तसा कापड मोजायचा गज माझ्या पाठीत बसला. "आधीच कापून ठेवायला कोणी सांगितलं होतं रे हेमंत?" मी म्हणालो, तुमीच सांगितलं होतं. मग दुसरा बसला.

१२ नोव्हेंबर

पाठीवर दोन वळ आहेत. आरशात मान वळवून पाहिले. समांतर आहेत.

आई म्हणते सोड ते दुकान. नववी नापासाला शहापुरात दुसरे कोण विचारतो?

ही सात जाकिटे मी एकट्याने केली. माप, कापणी, काज, सगळे. मास्तरांनी कात्रीसुद्धा लावली नाही. मी शाळेत स्काऊटमध्ये होतो तेव्हा मला जाकीट मिळाले नव्हते. परेडला शर्टावर उभा राहायचो, मागच्या रांगेत. पुढच्यांच्या खांद्यावरची पट्टी नेहमी बघायचो. शिवायला सोपी वाटते, पण तसे नाही. दुहेरी कापड, टोक बाणासारखे, एक बाजू मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या शिवणीत पकडायची, दुसरी गळ्याजवळ बटणाने. दोन्ही खांद्यांवर जागा एकच यावी लागते. माझ्या सातही जाकिटांत सूतभर फरक नाही. मोजून लिहितो आहे.

२० नोव्हेंबर

सहा गेली. शेणव्याच्या रस्त्याला मुंबईच्या शेटने जागा घेऊन तारेचे कुंपण घातले आहे, त्या फार्महाऊसचा मॅनेजर शेखर आला होता. वॉचमनसाठी हवी होती. मास्तर म्हणाले, स्काऊटची आहेत, हवं तर पट्ट्या काढून देतो. शेखर म्हणाला, "नको नको, पट्ट्या राहू द्या. जरा धाक बसला पाहिजे. वाडीवाली तार वाकवून आत शिरतात."

एक उरले. सर्वांत लहान, छाती चौतीस. त्याला पितळी बटण एक कमी पडले म्हणून वरून तिसरे काळे लावले आहे.

मास्तरांनी सांगितले, "त्याच्या पट्ट्या उसव, मग वीक. आता तो शेखरच्या माणसांचा ड्रेस झाला. भलत्याच्या अंगावर दिसला तर माझ्या नावानं बोंबलंल."

हो म्हणालो. पण उसवल्या नाहीत. पट्टी मुंढ्याच्या शिवणीत आहे. काढायची तर बाही उघडावी लागेल, पुन्हा चढवावी लागेल. अर्धा दिवस जाईल. आणि खांदा पहिल्यासारखा बसणार नाही.

२८ नोव्हेंबर

शेवटचे जाकीट सावळ्याने नेले. सावळ्या म्हणजे शेणव्याच्या मागच्या वाडीवरचा, दरवर्षी आमचे भात कापायला येतो. अंगाने काटकुळा, म्हणून चौतीस बरोबर बसले. आरशासमोर छाती काढून उभा राहिला. "साहेब दिसतो काय रे हेमंत?"

त्याची बायको बायडी दारातच बसली होती, आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "साहेब कसला! बुजगावना दिसतो. शेतात उबा कर, पाखरां पळतील."

तो इतका हसला की काळ्या बटणाचा दोरा ताणला. घट्ट करून दिला. खूश होऊन गेला.

६ डिसेंबर

वॉचमन लोकांनी वाडीवरच्या बुधीला मारले. बुधी सत्तरीची असेल. कुंपण पडल्यापासून वाडीची रानात जायची वाट आतमध्ये गेली आहे. ती तारेखालून जळणाची फाटी घेऊन निघत होती. तिघे होते. काठी हातावर मारली, हाड दोन ठिकाणी मोडले. मोळी तिच्यासमोर पेटवून दिली आणि हात शेक म्हणाले.

बायडीचा भाऊ मंगळ्या नाक्यावर सगळ्यांसमोर ओरडत होता. "एक खाकीवाला एकटा गावू दे मला! खांदं उतरवतो त्याचं!"

कोणी त्याला गप्प केले नाही. मीही नाही. बुधीने मला लहानपणी करवंदे दिलेली आहेत. घरी येताना मी त्या तिघांना मनात मारत होतो. आधी कात्रीने, मग गजाने. दात घट्ट आवळलेले होते, ते घरी आल्यावर कळले.

९ डिसेंबर

मास्तरांनी विचारले, त्या सातव्याच्या पट्ट्या उसवल्या होत्यास ना? हो म्हणालो.

१३ डिसेंबर

सगळे क्रमाने लिहितो.

दिवस बुडता बुडता सायकलवरून घरी येत होतो. फार्महाऊसच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर, आंब्याखाली, चौघे एकाला मारत होते. मारणारे वाडीचे. मंगळ्याला उंचीवरून ओळखले. खाली पडलेल्याच्या डोक्यावर पोते टाकून गळ्याशी दोरी आवळली होती — त्याने कोणाचे तोंड ओळखू नये म्हणून. अंगावर खाकी जाकीट. खांद्यावर पट्ट्या.

मी सायकल थांबवली. एक पाय जमिनीवर. मला बरे वाटले! हे खरे आहे, म्हणून लिहितो. मंगळ्याच्या हातात कुंपणाचा उपटलेला खांब होता. तो खांद्यावर मारत होता, मोजून, एकदा डाव्या, एकदा उजव्या. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. पोत्यातून तो काहीतरी बोलत होता, शब्द कळत नव्हते. एकाने पोत्यावरच लाथ मारली. मग पोते भिजत गेले. बोलणे बंद झाले.

मी "हाण!" म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

तेवढ्यात वळणावरून टेम्पो आला आणि त्याचा उजेड पडला. पितळी, पितळी, काळे, पितळी.

मी सायकल टाकून ओरडत धावलो. "सावळ्या हाय रे तो! मंगळ्या, सोड! सावळ्या हाय!" मंगळ्याने खांब वर धरलेलाच होता. तसाच धरून राहिला. दोरी सुटेना. मी दातांनी सोडवली. सावळ्याचा एक डोळा जागेवर नव्हता.

टेम्पोवाल्याला थांबवून सावळ्याला टेम्पोत घातले. कोणीतरी वाडीवर धावत गेले. बायडी आली, तिने जाकीट काढून घडी घातली आणि त्याच्या डोक्याखाली ठेवली. रडली नाही. भावाकडे बघितले फक्त.

दहा हातांवर मीच शिवलेले जाकीट होते. मी ते ओळखले नाही.

१४ डिसेंबर

दोरीची चव तोंडातून जात नाही.

१७ डिसेंबर

सावळ्या गेला. ठाण्याच्या इस्पितळात हलवले होते, तिथेच. पहाटे गाडी आली.

मंगळ्या काल स्वतः चौकीवर जाऊन बसला. दोघांना पोलिसांनी पकडले, चौथा मुरबाडकडे पळाला म्हणतात. सर्वांसमोर मंगळ्या एकच बोलत होता. "पाठीमागून पट्ट्या दिसल्या. तेवढ्याच बघितल्या. पट्ट्या नसत्या तर मी हात उचलला नसता रे!"

हवालदाराने त्याच्या कानाखाली मारली. तो पुन्हा तेच बोलला.

माझा जबाब घेतला. काय पाहिले ते सांगितले. "हाण" म्हणालो ते सांगितले नाही. जाकीट कोणी शिवले हे कोणी विचारले नाही.

२० डिसेंबर

निळी जाकिटे तयार झाली. सर येऊन घेऊन गेले. "बघा मास्तर, किती सौम्य दिसतात," म्हणाले.

गज मास्तरांच्या टेबलावर होता. मला वाटले, आज त्यांनी मारावे. त्यांनी नुसते बघितले. म्हणाले, "उसवल्या नव्हत्यास." त्यांनी मारले नाही.

२ जानेवारी १९९८

बायडी दुकानात आली. या वेळी आत आली. मास्तर जेवायला गेले होते. तिने फडक्यातून जाकीट काढून टेबलावर ठेवले. धुतलेले होते. गळ्यापाशी डाग गेला नाही. डावी पट्टी चुरगळलेली, पण जागेवर.

म्हणाली, "मला घालाया होल. फाटी आनाया जाते तवा थंडी लय लागते. पन त्या वाटेनंच जावा लागतो. आता तरी काड रे पट्ट्या."

आता तरी.

म्हणजे तिला आठवते. दारातून तिने सगळे ऐकले होते.

२८ नोव्हेंबरला मी एक गोष्ट लिहिली नव्हती. आज लिहितो. आरशासमोरून वळल्यावर सावळ्या म्हणाला होता, "ह्या दोन पट्ट्या काडून दे ना रे. त्या फारमवाल्यांसारका दिसतो मी. आमच्यातलीच हाणतील मला." हसत म्हणाला होता. मी म्हणालो, नाही होत, अर्ध्या दिवसाचे काम आहे, खांदा बिघडेल. तो म्हणाला, "बरा, तू कारागीर, तुला कळतंय."

बायडीला म्हणालो, उद्या ये. ती "बरा" म्हणाली. तिचा "बरा" अगदी त्याच्यासारखाच.

३ जानेवारी

घड्याळ समोर ठेवून उसवल्या. बाही उघडावी लागली नाही, शिवणीतले पट्टीपुरते टाके काढले की ती निघते. दोन्ही खांदे मिळून चार मिनिटे लागली.

खांदा बिघडला नाही.