पान बारावरची पत्नी

४ फेब्रुवारी

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी. पन्नाशीपुढच्यांच्या जलतरण स्पर्धेत माझी निवड झाली. हसू नकोस. दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक, आणि तेही परदेशात. शिवणाच्या मशीनवर वाकून पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी पोहायला पाठवलं होतं, त्याचं हे असं झालं.

आता घोळ. दवाखान्याचा खर्च भरणारा प्रवास विमा असल्याशिवाय पाण्यात पाय घालू देणार नाहीत, असं संयोजकांनी कळवलंय. आमच्या कोचबाई म्हणाल्या, वेगळा विमा कशाला, क्रेडिट कार्डाबरोबर फुकट येतो. कोणत्या कार्डाबरोबर, असं विचारलं तर म्हणाल्या, चांगल्या. तुझ्याकडे एक कार्ड आहे, माझ्याकडे दोन. तिन्हींपैकी चांगलं कोणतं? मी वाचायला बसले, पण कार्डधारक आणि विमाधारक यांतला फरक काही लागेना, आणि त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. तू जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीस. माझ्या दोन्ही कार्डांच्या नियमांच्या पुस्तिका सोबत पाठवतेय, तूच बघ.

त्यातलं एक कार्ड आमच्या यांच्या खात्यावरचं ॲड-ऑन, म्हणजे बायकोसाठीचं जोडकार्ड आहे. सात वर्षांत वापरलेलं नाही, पण मुदत संपली की नवीन येतं. त्याबद्दल तू काही बोलायचं नाहीस.

वहिनीला नमस्कार. तुझी माझ्यावर माया आहेच, ती चष्मा पुसून, पुस्तिका वाचून दाखव.

तुझी,
ठकी

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अभिनंदन. लहानपणी तुला आंघोळीला बसवायला दोन माणसं लागायची, हे तुझ्या कोचबाईंना ठाऊक आहे का?

तिन्ही पुस्तिका जेवणाच्या टेबलावर पसरून चार दिवस बसलो. तुझी वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवतेय आणि मला टोमणे मारतेय.

तुझ्या निळ्या कार्डावर विमान पडलं तर भरपूर मिळतं, पण ताप आला तर काही नाही. थोडक्यात, फायदा हवा असेल तर मरावं लागेल. शिवाय पॉइंट वापरून तिकीट काढलंस तर तेही नाही, कारण ते तिकीट कार्डावर काढलेलं धरत नाहीत. मग पॉइंट देतात कशाला, हे कुठेच छापलेलं नाही.

माझं कार्ड बरं आहे. दवाखाना आहे, हरवलेलं सामान आहे. पण कुटुंब म्हणजे मी, तुझी वहिनी आणि अविवाहित मुलं. बहीण नाही. मुद्रणदोष असेल म्हणून तीनदा पाहिलं. नाही म्हणजे नाही. मला वाईट वाटलं, खरं सांगतो.

ज्याबद्दल मी बोलायचं नाही ते कार्ड सगळ्यांत उत्तम. दवाखाना, सामान, विमानाचा उशीर, एवढंच काय, हौशी खेळांच्या स्पर्धासुद्धा. मुख्य कार्डधारकाच्या पत्नीला सगळं लागू. फक्त पान बारावर मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप आहे की पत्नी त्याच पत्त्यावर राहणारी हवी. पान एकोणीसवर पुन्हा पत्नीची व्याख्या येते, तिथे पत्त्याचं नावही नाही. खरं कोणतं, ते मला ठरवता येत नाही. कंपनीला फोन केला, तर म्हणाले मुख्य कार्डधारकालाच सांगू.

म्हणजे तुझ्या यजमानांना, पाणीवाल्यांना, लिहिणं आलं. ते दूरच्या जलशुद्धीकरण केंद्रावर बदलून गेले आणि तू मागे राहिलीस, याच्यापलीकडे मला काही माहीत नाही. भांडण झालं असतं तर निदान कोणाची बाजू घ्यायची ते तरी कळलं असतं.

जपून पोह. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

नमस्कार वि. वि.

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसता नमस्कार. तब्येत बरी असेल. एक कामाचं विचारायचं आहे. मी परदेशात पोहायला चाललेय, त्यासाठी विमा हवा आहे. तुमच्या कार्डाच्या हिशेबाने मी तुमची पत्नी आहे का? पान बारा की पान एकोणीस, एवढं कंपनीला विचारून कळवावं. त्रासाबद्दल क्षमस्व.

आपली,
(पुढे काय लिहायचं तेही सुचत नाही.)

१ मार्च

सौ. हिस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावर सौ. लिहिताना पेन थांबलं होतं. पण लिहिलं.

केंद्रावरच्या ऑफिसातून फोन केला. मागे पंपांचा आवाज होता, म्हणून तीन वेळा सांगावं लागलं. पलीकडच्या मुलीने विचारलं की पत्नी आपल्यासोबत राहतात का. हो म्हणणं सोपं होतं. पण तिकडे तुला काही झालं आणि त्यांनी पत्ते तपासले, तर परक्या दवाखान्यात तू एकटी आणि हातात खोटा कागद. म्हणून नाही म्हणालो. तेव्हा पान बारा खरं. माझ्या कार्डावर विसंबू नकोस, वेगळी पॉलिसी घे.

ती म्हणाली, पत्ता बदलण्याचा अर्ज भरता येईल. मग तिनेच विचारलं, कोणाचा बदलायचा. मी उद्या सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.

बदलीच्या वेळी मी चल म्हणालो नाही, कारण तुझं दुकान तिथे होतं. तू येऊ का म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुला यायचं नाही. ॲड-ऑन कार्ड चालू ठेवायचं का, असं ते दर खेपेला विचारतात. मी ठेवा म्हणतो.

पोहतेस हे वाचून बरं वाटलं. अजूनही तुझाच समजावं.

१४ मार्च

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पॉलिसी घेतली. विमा कंपनीच्या खिडकीवर अर्ध्या तासात काम झालं. आपण उगीच महिनाभर डोकं फोडलं.

अर्जात, आणीबाणीत कोणाला कळवायचं, असा रकाना होता. तुझं नाव लिहायला पेन टेकवलं आणि त्यांचं लिहिलं. रागावू नकोस. शेजारी नात्याचा रकाना होता, तिथे मात्र अडले. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मी कारकुनाला विचारलं की दोघांचा पत्ता एक असायला लागतो का. तो म्हणाला, बाई, फोन उचलणारं माणूस असलं म्हणजे झालं. मग पती लिहिलं.

तसं त्यांना कळवलं, फोन जवळ ठेवा म्हटलं. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं. फोन जवळ आहे, रजा शिल्लक आहे, पासपोर्टही आहे. बस, एवढंच. दादा, मी दोन दिवस ती ओळ घेऊन बसलेय. येतो असं त्यात कुठेच नाही. येऊ का, असंही नाही.

पण या वेळी मी वाट बघत बसले नाही. आज सकाळी माझ्या विमानाची वेळ लिहून पत्र पेटीत टाकलं आणि खाली लिहिलं की चला. पेटीचं झाकण पडल्यावर वाटलं, हात घालून पत्र परत काढावं. हात जाईना. बरोबर केलं की चुकलं, ते मला अजून कळत नाही.

वहिनीला आता टेबलावर जेवू दे. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी,
ठकी