देवमाशाचा कान

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून रोज अर्धा तास चालणार. निशिगंधानं परत कवटी मागितली. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष. सीटी स्कॅन करायचाय म्हणे. कशाला? सत्तावीस वर्षं जग मानतंय (म्हणजे निदान आमचा विभाग) की कच्छमध्ये मला सापडलेलं हे जनावर जमिनीवर चालायचं आणि पाण्याखाली ऐकायचं. कवटी जमिनीवरची, कान देवमाशाचा. उद्या देतो म्हणालो.

४ फेब्रुवारी
दिली नाही. कपाटाची किल्ली सापडत नाही. (खिशात आहे.) चालणं राहिलं, ऊन फार. तिच्या प्रबंधाची प्रकरणंही वाचायची राहिलीत. रविवारी.

९ फेब्रुवारी, सकाळी ६
काळजीचं काही नाही. कान (म्हणजे कानाचं हाड) सुटा सापडला होता, तंबूत मीच चिकटवला. सगळेच चिकटवतात.

११ फेब्रुवारी
कवटीपासून चार हातांवर होता. फार तर दहा. बसेना, म्हणून कड किंचित घासली. मेधाच्या नेल फायलरनं. लग्न नवं होतं, तिची आठवण म्हणून सोबत नेलेलं. मग काय फिट बसला!

१७ फेब्रुवारी
निशिगंधाच्या आधी आपणच बघावं म्हणून कवटी पिशवीत घालून मलकपेठच्या एका स्कॅन सेंटरात गेलो. पेशंट किधर है साब, काउंटरवरचा विचारत होता. चार कोटी वर्षांपूर्वी वारला म्हणालो. नक्को साब म्हणत त्यानं हात जोडले. सुटलो.

१८ फेब्रुवारी
सुटलो कसला! पोरीची पाच वर्षं त्या घासलेल्या कडेवर उभी आहेत. तिचा प्रबंध कोसळला तर? भीती वाटते. उद्या सगळं सांगणार. नक्की.

२५ फेब्रुवारी
सर्दी.

६ मार्च
सांगितलं. टेबलाकडे बघत, एका दमात. निशिगंधा म्हणाली, सर, घासल्याच्या रेघा मला दुसऱ्याच वर्षी भिंगाखाली दिसल्या होत्या. मग स्कॅन कशाला मागत होतीस, विचारलं. तुम्हाला सांगायला सोपं जावं म्हणून, म्हणाली.

मेधालाही सांगितलं. त्या फायलरसाठी ती सत्तावीस वर्षं माझ्या बहिणीवर संशय घेत होती म्हणे.

७ मार्च
प्रबंध वाचला. तीनशे बारा पानं. प्रत्येक प्रकरणावर माझी सही आहे, माझी कवटी एकाही पानावर नाही. तिनं स्वतःची हाडं शोधून काम केलंय. चांगलं आहे. फारच चांगलं आहे.

आभारात मी आहे. सरांनी कधीही ढवळाढवळ केली नाही, असं लिहिलंय.