जुना उजेड

मंगळवार, संध्याकाळ. जुना जालना.

टेंभुर्णीच्या शाळेतली माझी वर्गमैत्रीण सुनंदा आज सत्कारासाठी आली होती. दूरच्या दीर्घिकांमध्ये तारे कसे जन्मतात, यावर तिचं संशोधन आहे. शाळेत तिची संस्कृतची रूपं मी पाठ करून घेतली. आकाश मात्र तिला मिळालं, मला तिची बातमी. मत्सर षड्रिपूंत सहावा. आज माझ्यात पहिला आला.

भाषणात ती म्हणाली, "त्या दीर्घिकांचा आज दिसणारा उजेड फार जुना आहे. तिथं तारे जन्मायचे कधीच थांबलेही असतील." मग माझ्याकडे बोट दाखवून, "आमच्या वर्गात सगळ्यात हुशार हा होता." टाळ्या झाल्या. मंग मला का टोचून राह्यलं?

ते वाक्य बातमीत घातलं, खोडलं, परत घातलं. वार्ताहरानं स्वतःची स्तुती छापू नये, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. खोडलं. पण आख्ख्या कार्यक्रमात माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं.

शेवटी जेवताना बायकोला सांगितलं, "सुनंदा सगळ्यांसमोर मला हुशार म्हणाली."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "अहो, ती कधीची गोष्ट सांगून राह्यली?"