व्हिडिओत चेंडू न्हाई

महाळुंगे,
१२ जुलै २०२५

चिरंजीव गोरक्ष,

आईचा आशीर्वाद घे. तिकडं गुजरातेत आमटीत गूळ घालत्यात म्हणं, पोटाला सोसतंय ना? इकडं माझे गुडघे सोडले तर सगळं झ्याक हाय.

फोनवर तुझ्या पोरीचं, तनुजाचं नाव काढलं की तू "आई, शिफ्टला चाललोय" म्हणतोस आणि ठेवतोस. म्हणून कागद घेतला. तिसरी शिकल्याली हाय मी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, लाव जुळवून. कागद खाली ठेवलास तरी तो तिथंच पडून ऱ्हातोय.

रोहिणी सूनबाईला या आठवड्यात कंपनीत पहिली पाळी हाय. पहाटं कंपनीची बस येती, तिला डबा करून देते. लोणचं औंदा चांगलं मुरलंय. दोन दिस झाले, भाकरी एक जास्तच व्हतीय. हाताची सवय. ते पुढं सांगते.

तू धाडलेले सांगवीचे हिंदुराव त्यांच्या पोरासाठी तनुजाला बघून गेले. बोलणी आता, लग्न अठरा पुरं झाल्यावर, म्हणाले. मग पोहे खाता खाता इचारलं, "पोरगी खेळ सोडंल ना?" मी म्हणलं, "तुमचा पोरगा काय काय सोडणार हाय?" त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करती. ते हसले. मी हसले न्हाई. पोहे मात्र दुसऱ्यांदा वाढले, माणूस पाहुणा हाय.

आता मुद्द्याचं. बेसबॉलमधी तोंडाला जाळी बांधून, खुरपायला बसतात तशी जी चेंडू मारणारीच्या पाठीमागं झेलायला बसती, ती आपली तनुजा. हल्ली अशा पोरी व्हिडिओ करून फोनवर टाकत्यात. लांबची कॉलेजं बघत्यात आणि खेळ पटला की बोलावत्यात. फी माफ, ऱ्हायला वसतिगृह. शेजारच्या ओमनं तिचा एक बनवला. मागं गाणं, चेंडू हळूहळू जातोय, मधीच जाळ पेटतोय. अरे, जाळ कशाला? शे-दोनशे लोकांनी अंगठे दाखवले, बोलावलं कुणीच न्हाई.

मग त्यांच्या कोच दीपमाला मॅडम म्हणाल्या, आख्खी मॅच काढा, कापाकापी नको. नेमका त्या दिवशी ओमला ओव्हरटाइम. म्हणून फोन मी धरला. दोन तास, गोरक्ष! दंडाला रग लागली पण हात खाली केला न्हाई.

घरी येऊन बघितलं आणि पोरीनं कपाळाला हात लावला. "आजी, यात चेंडूच न्हाई! नुसती मीच हाय!"

"मग? मी काय चेंडूची आजी हाय का?"

रडायलाच लागली. वर माझा आवाजबी त्यात. "पाणी पी गं, तोंड बघ कसं झालंय!" आणि पंचाला दिलेली एक शिवी. पण कॉलेजांना धाडायची ती शेवटची तारीख व्हती, दुसरा व्हिडिओ न्हवता, मॅडमनी तोच धाडला.

चौथ्या दिवशी पंजाबातल्या एका कॉलेजच्या कोचचा फोन. सरदारजी हायेत. म्हणाले, "कॅमेरा किसने पकडा था?" मला वाटलं, शिवी ऐकली यांनी. म्हणलं, "मैंने. बोलो काय बोलायचं ते." तर म्हणाले, "माताजी, सब लोग बॉल दिखाते हैं. आपने लडकी दिखायी."

मॅडमनी मग मला समजावून सांगितलं. कुणी चेंडू मारला की सगळी माणसं चेंडूमागं बघत्यात. तवा आपली तनुजा काय करती? एवढं सामान अंगावर घेऊन उठती आणि पहिल्या गादीच्या, म्हंजी बेसच्या मागं पळत जाती. का, तर फेकलेला चेंडू कुणाच्या हातनं सुटलाच तर अडवायला माणूस पायजे. सुटत न्हाई. परत येऊन बसती. सरदारजींनी मोजलं, सतरा वेळा गेली. सतराव्या वेळी चेंडू सुटला, आणि ही तिथं हजर.

तीन वर्षं खेळतीय ती. तू एक तरी मॅच बघितलीस? सुजलेलं बोट तेवढं बघितलंस, आणि शिमग्याला आलास तवा तिचा हातमोजा गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेलास. मी उंबऱ्यात उभी व्हते आणि गप बसले. ते मला अजून टोचतंय. आता गप बसणार न्हाई.

कॉलेजचा फॉर्म आला. त्यावर पालकाची सही पायजे. रोहिणीनं पेन धरला आणि परत खाली ठेवला. "आई, हे मला नांदवायचे न्हाईत." मी म्हणलं, "घर माझ्या नावावर हाय. कोण कुणाला काढतंय बघू." आणि पेन घेतला. तवा रोहिणीला एक शब्द बोलायचा न्हाई. जे बोलायचंय ते मला बोल. येऊन बोल, जेवून जा.

परवा पुणे स्टेशनात तिला गाडीत बसवली. दीपमाला मॅडम संगं गेल्यात. गाडी हालली तशी खिडकीतनं म्हणाली, "आजी, पप्पांना सांगशील?" मी म्हणलं, सांगते. हे सांगितलं. हे पत्र तुला मिळंल तवर ती पोचून मैदानात उतरल्याली असंल.

हिंदुरावांना मी न्हाई म्हणून कळवलंय.

आणि तो हातमोजा पार्सलनं तिकडं धाड, पत्ता मागच्या बाजूला लिवलाय. डाव्या हाताचा हाय, तिच्या मापाचा. तुझ्या काय कामाचा?

तुझी आई,
आणि फॉर्मावर लिवल्याप्रमाणं तनुजाची पालक,
तानाबाई गेनबा वहिले
(सही माझी हाय. अंगठा न्हाई.)